हर्क्युलेनियम, पॉम्पेई आणि नेपल्सचं संग्रहालय: तीन दिवस, योग्य क्रमाने

रोममध्ये मुक्काम ठेवून एका दिवसात पॉम्पेई हे गाडलं गेलेलं प्राचीन रोमन शहर 'उरकणाऱ्या' सहली भरपूर मिळतात. सकाळी बस, दोन-अडीच तास भग्नावशेष, मध्ये जेवण, रात्री परत. या सहलीत दिसतात त्या मुख्यतः उन्हात तापलेल्या भिंती. अठराव्या शतकापासून पॉम्पेईतली उत्तमोत्तम भित्तिचित्रं भिंतीवरून कापून काढली गेली. मोझेक, पुतळे, भांडी, दागिने आधी राजवाड्यात आणि पुढे नेपल्सच्या संग्रहालयात गेले. लाकूडकाम आणि वरचे मजले पॉम्पेईत फारसे टिकलेच नाहीत. ते टिकले शेजारच्या हर्क्युलेनियममध्ये. म्हणजे एका रोमन गावाचं पूर्ण चित्र आज तीन ठिकाणी विखुरलेलं आहे आणि तिन्ही पाहिल्याशिवाय ते जुळत नाही.

आमचा आग्रह क्रमाबद्दल आहे: आधी हर्क्युलेनियम, मग पॉम्पेई, शेवटी संग्रहालय. हर्क्युलेनियम लहान आहे आणि घरं जवळजवळ छतापर्यंत उभी आहेत, त्यामुळे रोमन घर म्हणजे काय हे तिथे डोळ्यांना समजतं. ते समजलं की पॉम्पेईतल्या अर्ध्या भिंती मनातल्या मनात पूर्ण करता येतात. आणि संग्रहालयात पोचाल तेव्हा प्रत्येक वस्तूचं घर तुम्ही पाहिलेलं असेल.

दोन्ही गावं इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या एकाच उद्रेकाने गाडली गेली, मग फरक का? वारा आग्नेयेकडे वाहत होता. त्यामुळे पॉम्पेईवर तासन्‌तास हलक्या दगडांचा पाऊस पडला, त्याच्या वजनाने छपरं कोसळली आणि मग तप्त राखेचे लोट आले. व्हेसुव्हियसच्या पश्चिमेला असलेल्या हर्क्युलेनियमवर सुरुवातीला फारसं काही पडलं नाही. रात्री मात्र अतितप्त वायू आणि राखेचे लोट एकामागून एक आले आणि गाव सुमारे वीस मीटर खोल गाडलं गेलं. लाकूड पेटून नाहीसं न होता जागच्या जागी कोळसा झालं, आणि वर घट्ट बसलेल्या थराने ते जपलं.

आधी कॅलेंडर, मग तिकिटं

नेपल्सचं राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी बंद असतं. तीन दिवस मांडताना हा वार पहिल्यांदा खोडा, कारण बहुतेकांची फजिती इथेच होते. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी स्थळांना प्रवेश मोफत असतो. ऐकायला छान, पण त्या दिवशी पॉम्पेईत जाऊ नये; गर्दीत घरांच्या आत शिरायलाच मिळत नाही. १ जानेवारी, १ मे आणि २५ डिसेंबरला पॉम्पेई बंद असतं.

एप्रिल ते ऑक्टोबर पॉम्पेई सकाळी ९ ते संध्याकाळी ७ उघडं असतं, शेवटचा प्रवेश साडेपाचला. हिवाळ्यात ५ वाजता बंद, शेवटचा प्रवेश साडेतीनला. आतली घरं त्याआधीच बंद व्हायला लागतात. एप्रिलचा उत्तरार्ध, मे आणि ऑक्टोबर हे उत्तम महिने. जुलै-ऑगस्ट टाळा. सावली जवळजवळ नाहीच आणि काळा दगड दिवसभर तापतो.

नोव्हेंबर २०२४ पासून पॉम्पेईत दिवसाला २०,००० जणांनाच प्रवेश आहे आणि तिकीट नावावर असतं. हंगामात सकाळच्या आणि दुपारच्या प्रवेशाचा कोटाही वेगळा ठेवतात. तिकीट पॉम्पेईच्या अधिकृत संकेतस्थळावरून काढा, पासपोर्टवर आहे तसंच नाव लिहा आणि ओळखपत्र जवळ ठेवा. तिकिटं दोन प्रकारची आहेत: एक फक्त शहराचं, दुसरं शहराबाहेरच्या व्हिलांसकट. प्रसिद्ध व्हिला ऑफ द मिस्टरीज दुसऱ्याच तिकिटात येते. थोडे युरो वाचवायला पहिलं तिकीट घेतलंत, तर पॉम्पेईतली सगळ्यात मोठी चित्रमालिका हुकली म्हणून समजा.

कंपानिया आर्टेकार्ड हा पास तीन दिवसांसाठी मिळतो. त्यात पहिली दोन स्थळं मोफत, पुढे सवलत आणि स्थानिक प्रवास असतो. ज्यांचं तिकीट महाग आहे ती स्थळं पहिल्या दोनांत आली तरच तो परवडतो. पास घेतला तरी पॉम्पेईची वेळ आधी राखून ठेवायला लागते का, हे काढतानाच पाहून घ्या.

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. उन्हाळी हंगामात अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो, तेव्हा दोन-तीन महिने हाताशी ठेवा. किमान ३०,००० युरो संरक्षणाचा प्रवास विमा, शेंगेनमधून परतण्याच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध असलेला पासपोर्ट आणि त्यात दोन कोरी पानं, हे तर हवंच. मोठ्यांसाठी व्हिसा शुल्क ९० युरो आहे, अर्ज केंद्राचं शुल्क त्याशिवाय.

मुक्काम आणि लोकल

मुक्काम नेपल्समध्येच करा. रोमहून वेगवान रेल्वे साधारण सव्वा तासात नापोली चेंत्राले स्टेशनला पोचवते. स्टेशनाच्या आसपास हॉटेलं स्वस्त आहेत, पण रात्री परिसर फारसा सुखावह वाटत नाही. मेट्रो लाइन १ वरच्या म्युझेओ किंवा तोलेदो भागात राहणं बरं. संग्रहालय आणि जुनं शहर पायी अंतरावर येतं.

दोन्ही उत्खननांकडे चिर्कुमवेझुव्हियाना नावाची लोकल जाते. नापोली चेंत्रालेच्या खालच्या पातळीवर गारिबाल्दी नावाचं तिचं स्टेशन आहे. गाडी सुटते मात्र त्याच्या एक स्टेशन आधी, पोर्ता नोलानाहून. सामान किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर दहा मिनिटं चालून पोर्ता नोलानाला जा, बसायला जागा मिळते. गारिबाल्दीला गाडी भरूनच येते आणि पाकीटमारही तिथेच चढतात. पाठीवरची सॅक पुढे घ्या, फोन मागच्या खिशात ठेवू नका.

फलकावर 'सोर्रेंतो' लिहिलेली गाडी पकडायची. एर्कोलानो स्कावी साधारण वीस मिनिटांवर, पॉम्पेई स्कावी–व्हिला देई मिस्तेरी पस्तीस-चाळीस मिनिटांवर. 'स्कावी' हा शब्द पाहूनच उतरा. पॉम्पेई नावाची आणखी स्टेशनं आहेत: याच लोकलच्या पोज्जोमारिनोच्या फाट्यावर पॉम्पेई सांतुआरिओ आणि राष्ट्रीय रेल्वेचं नुसतं पॉम्पेई. ही दोन्ही आजच्या पॉम्पेई गावात आहेत. तिथे उतरलात तर काही बिघडत नाही, फक्त अँफिथिएटरच्या (खेळांच्या गोल खुल्या प्रेक्षागृहाच्या) फाटकाने आत जावं लागेल. लोकलचा संप असेल तेव्हा राष्ट्रीय रेल्वेचा हाच मार्ग कामाला येतो. 'शोपेरो' म्हणजे संप. आदल्या रात्री हा शब्द घालून बातम्या बघून ठेवा.

पहिला दिवस: हर्क्युलेनियम

एर्कोलानो स्कावीहून सरळ समुद्राच्या दिशेने उतरत दहा मिनिटं चाला, रस्ता थेट फाटकावर जातो. आत गेल्यावर घाई न करता उंचावरच्या वाटेवर थांबा. तुम्ही उभे आहात ती आजच्या एर्कोलानोची जमीन. गाव तुमच्या पायांखाली खोल खड्ड्यात आहे. समोरच्या कड्याएवढी राख खोदून काढल्यावर हा तुकडा मोकळा झाला. बाकीचं गाव अजून वरच्या इमारतींखाली आहे. उत्खनन १७३८ मध्ये सुरू झालं, पॉम्पेईच्या दहा वर्षं आधी.

खाली किनाऱ्यापाशी नौकाघरांच्या कमानी आहेत. १९८० नंतर तिथे सुमारे तीनशे माणसांचे सांगाडे सापडले. समुद्रमार्गे सुटका होईल या आशेने लोक इथे थांबले होते. तिथे मोठ्याने बोलणं किंवा सेल्फी काढणं शोभत नाही.

गावात चार गोष्टींसाठी वेळ राखा. कासा देल त्रामेत्सो दि लेन्योमध्ये लाकडी दुमडती आडभिंत आहे, कोळसा होऊनही आपल्या जागी उभी. नेपच्यून आणि अँफित्रिती या समुद्रदेवतांच्या नावाच्या घरात काचेच्या रंगीत तुकड्यांचा मोझेक भिंतीवर आहे, आणि लागूनच्या दुकानात वरच्या बाजूला मद्याच्या कुंभांची लाकडी मांडणी. काळी ठिक्कर पडलेली, पण तिच्या आडव्या पट्ट्या आणि त्यांवर आडवे ठेवलेले कुंभ स्पष्ट दिसतात. स्त्रियांच्या स्नानगृहात फरशीवर ट्रायटन या समुद्रदेवाचा मोझेक आहे. चौथं, सम्राट ऑगस्टसच्या पूजकांचं सभागृह, भिंतीवरच्या हर्क्युलिसच्या चित्रांसाठी.

कोणत्याही मोठ्या घरात शिरलात की मधला खोलगट हौद आणि त्यावर छताला सोडलेली चौकोनी मोकळी जागा शोधा. आपल्या वाड्यातल्या चौकासारखीच रचना: पाऊस आत पडतो, हौदात जमतो आणि खालच्या टाकीत उतरतो. हौदाच्या मागची उघडी खोली मालकाची बैठक, आणि तिच्यामागे खांबांनी वेढलेली बाग. हा आराखडा इथे पक्का करून घ्या, दुसऱ्या दिवशी तो पदोपदी लागतो.

अडीच-तीन तास पुरतात. दुपार मोकळी राहिली तर त्याच लोकलने तोर्रे आनुन्त्सियाता–ओप्लोंती स्टेशनला उतरा. पोप्पेआची म्हणून ओळखली जाणारी व्हिला तिथून चालत काही मिनिटांवर आहे. पॉम्पेईच्या मोठ्या तिकिटात तिचा समावेश असतो, भित्तिचित्रं अव्वल आहेत आणि गर्दी नसतेच म्हटलं तरी चालेल. तिचा साप्ताहिक सुट्टीचा वार आणि तुमच्या तिकिटाची मुदत मात्र आधी पाहा.

दुसरा दिवस: पॉम्पेई

स्टेशनातून बाहेर पडताच 'रांग टाळा' म्हणत तिकिटं विकणारे टेबल लावून बसलेले असतात. ते अधिकृत वाटतात, पण नसतात. सरळ पुढे पोर्ता मारीना फाटकावर जा. मार्गदर्शक हवा असेल तर सरकारी परवान्याचं ओळखपत्र पाहा आणि दर व वेळ आधी ठरवा. फाटकावर नकाशा मागून घ्या. ३० × ३० × १५ सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग आत नेता येत नाही. ठेवायची सोय फाटकावर आहे.

पत्ता वाचायला शिका म्हणजे हरवणार नाही. जुझेप्पे फियोरेल्ली या संचालकाने एकोणिसाव्या शतकात शहराचे नऊ विभाग पाडले, विभागात ठोकळे आणि ठोकळ्यात दारं. म्हणून ६.१२.२ म्हणजे विभाग ६, ठोकळा १२, दार २: हाउस ऑफ द फॉन. कोपऱ्यांवर विभाग-ठोकळ्याच्या पाट्या आहेत, विभाग रोमन अंकांत. देखभालीसाठी घरं आळीपाळीने बंद ठेवतात. तेव्हा आवडीची दहा-बारा घरं लिहून न्या आणि त्यातली सात-आठ उघडी मिळतील असं धरा.

पर्यटकांचे जथे सकाळी दहानंतर फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, येतात. तुम्ही नऊला आत शिरा, फोरम ओलांडा, न थांबता उत्तरेला सहाव्या विभागात जा. हाउस ऑफ द वेट्टी पहिल्यांदा गाठा. दोन मुक्त गुलामांचं हे घर दीर्घ दुरुस्तीनंतर २०२३ मध्ये उघडलं, खोल्या लहान आहेत आणि अकरा वाजता आत नुसती ढकलाढकली असते. बागेलगतच्या खोलीत चिमुकले कामदेव सोनारकाम, कापडधंदा, अत्तर बनवणं अशी कामं करताना रंगवलेत. त्या पट्टीपाशी पाच मिनिटं थांबा, शहराचे धंदे एका नजरेत कळतात.

तिथून हाउस ऑफ द फॉन. उंबऱ्यासमोर फूटपाथवर 'हावे' हे स्वागत दगडात बसवलंय. हौदातला नाचणारा फॉन (रानातला देव) नक्कल आहे, आणि आत जमिनीवर आहे तो अलेक्झांडरचा मोझेकही नक्कलच. अस्सल दोन्ही उद्या बघायचे आहेत. वाटेत ट्रॅजिक पोएटच्या घराच्या दारात साखळीतला कुत्रा आणि 'कावे कानेम', कुत्र्यापासून सावध, हा मोझेक काचेआडून पाहून घ्या. मग हर्क्युलेनियम वेशीतून बाहेर, थडग्यांच्या रस्त्याने व्हिला ऑफ द मिस्टरीज. लाल पार्श्वभूमीवर जवळपास माणसाच्या उंचीच्या २९ आकृती एका खोलीच्या भिंतींवर फिरतात. विषय डायोनायसस या मद्यदेवाच्या पंथाची दीक्षा असावा, नेमका अर्थ अजून वादाचा आहे. व्हिलापासून परस्पर बाहेर पडू नका. एकदा बाहेर गेल्यावर त्याच तिकिटावर पुन्हा आत सोडत नाहीत आणि अर्धं शहर अजून बाकी असतं.

दुपारी फोरमजवळच्या उपाहारगृहात थोडं बसा, पाणी भरून घ्या (आतल्या चालू नळांचं पाणी पिण्यायोग्य आहे) आणि व्हिया देल्लाबोंदान्त्सा या मुख्य रस्त्याने पूर्वेकडे निघा. रस्ता ओलांडायला मध्ये ठेवलेले उंच दगड, त्यांमधल्या फटी आणि गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या एकत्र पाहा. चाकं या फटींतून जायची, माणसं दगडांवरून. पुढे स्टेबियन स्नानगृह, लाव्ह्याच्या दगडी जात्यांची बेकरी आणि वेतुत्सियस प्लाचिदसची खाणावळ. तिच्या कट्ट्यात बसवलेल्या एका रांजणात मालकाची चिल्लर सापडली होती. इथल्या बेकऱ्यांतून कोळसा झालेले गोल पावही निघाले, आठ फोडी आखलेले. उद्याच्या यादीत तेही ठेवा.

शेवटी पळणाऱ्यांची बाग. इथे तेरा माणसांचे साचे आहेत. राखेत शरीर कुजून उरलेल्या पोकळीत प्लास्टर ओतायची रीत फियोरेल्लीने १८६३ मध्ये वापरली. कपड्यांच्या घड्याही उठल्या. तिथून जवळच अँफिथिएटर आहे, सुमारे इ. स. पू. ७० मधलं, दगडी अँफिथिएटरांपैकी टिकलेलं सगळ्यात जुनं. इ. स. ५९ मध्ये इथे पॉम्पेई आणि शेजारच्या नुचेरिया गावाच्या प्रेक्षकांत रक्तरंजित मारामारी झाली आणि रोमने दहा वर्षं खेळांवर बंदी घातली. अँफिथिएटरच्याच फाटकाने बाहेर पडा. पुन्हा पोर्ता मारीनाला जाण्यापेक्षा राष्ट्रीय रेल्वेचं पॉम्पेई स्टेशन इथून सोयीचं.

हे सगळं मिळून सहा-सात तास आणि बरीच चाल. जाड तळव्याचे बूट घाला; पावसात हे दगड विलक्षण निसरडे होतात आणि घोटे मुरगळतात. चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी असेल तर अँफिथिएटरच्या फाटकापासून आखलेला तीन किलोमीटरहून लांब सुगम मार्ग घ्या, मुख्य रस्त्यांवर ती चालत नाही.

तिसरा दिवस: संग्रहालय

म्युझेओ मेट्रो स्टेशन दाराशीच आहे. वेळ ९ ते साडेसात. सरळ मधल्या मजल्यावर जा. अलेक्झांडरचा मोझेक १८३१ मध्ये सापडला, दहा लाखांहून अधिक बारीक दगडांचा. २०२१ पासून त्याच्या दुरुस्तीचं काम हाती घेतलेलं आहे, म्हणून तो पूर्ण दिसेल का हे जायच्या आधी पाहा. शेजारचं 'गाबिनेत्तो सेग्रेतो' हे कामविषयक वस्तूंचं दालन; चौदा वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांसोबतच सोडतात.

मराठी माणसाने हे दालन चुकवू नये असं आम्हाला मनापासून वाटतं. १९३८ मध्ये पुरातत्त्वज्ञ अमेदेओ मायुरी यांना पॉम्पेईत हस्तिदंताची, वीतभराहून थोडी उंच भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. इथे ठेवलेली ही मूर्ती 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणून ओळखली जाते, पण ती यक्षी असावी असं बरेच अभ्यासक मानतात. कमरेखाली दोन्ही बाजूंना उभ्या दासी बघा, आणि डोक्यात आरपार गेलेलं छिद्र; बहुधा ती एखाद्या छोट्या मेजाचा किंवा तशा वस्तूचा भाग होती. बैठकीवर खरोष्ठी या वायव्य भारतातल्या प्राचीन लिपीतलं अक्षर आहे, त्यामुळे ती तिकडची असावी असं काही जण म्हणतात. पण अगदी मिळत्याजुळत्या मूर्ती धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला सापडल्या आहेत. तेर म्हणजे ग्रीक लेखकांचं तगर, पेरिप्लस या प्राचीन ग्रीक सागरी व्यापार-मार्गदर्शिकेत नाव असलेली व्यापारी पेठ. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयातली मूर्ती पाहून मग नेपल्सला जाता आलं तर फार उत्तम. ही मूर्ती प्रदर्शनांसाठी बाहेरगावीही जाते, दारावर विचारून खात्री करा.

वरच्या मजल्यावर भित्तिचित्रं, पॉम्पेईच्या इसिस या इजिप्शियन देवीच्या मंदिरातून आणलेल्या चित्रांची व वस्तूंची दालनं आणि शहराची १:१०० प्रमाणातली मोठी प्रतिकृती आहे. तुमचा कालचा रस्ता तिच्यावर बोटाने शोधा. काही चित्रं प्रतिकृतीवर आहेत आणि प्रत्यक्षात आज पुसली गेली आहेत. तळमजल्यावरचे फार्नेसे घराण्याच्या संग्रहाचे पुतळे पॉम्पेईचे नाहीत, मुख्यतः रोमचे, काही तिथल्या काराकाला स्नानगृहांमधले. पण बैल आणि हर्क्युलिससाठी अर्धा तास द्या.

शाकाहारी असाल तर

मारिनारा पिझ्झात टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल एवढंच असतं. नावावर जाऊन मासे समजू नका. पार्मिजाना दि मेलान्त्साने (वांगी) आणि फ्रियारिएल्ली ही कडवट पालेभाजी मागवा, मात्र फ्रियारिएल्ली बहुतेकदा सॉसेजबरोबर देतात. फसवणारे पदार्थ वेगळेच आहेत: मिरी घातलेले ताराल्ली डुकराच्या चरबीत करतात, पापुद्र्यांच्या स्फोल्यातेल्लातही पारंपरिक रीतीने तीच चरबी, आणि पास्ता ए पाताते या बटाट्याच्या पास्त्यात खारवलेलं मांस पडतं. 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा स्त्रुत्तो' (मांस नको, मासे नको, चरबी नको) हे तीन तुकडे पाठ असू द्या. पार्मेझान चीजमध्ये प्राणिज रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) असतं, ते चालत नसेल तर तेही आधी सांगा.

चौथा दिवस हाताशी असेल तर व्हेसुव्हियस. एर्कोलानो किंवा पॉम्पेईहून बस जवळपास १,००० मीटरपर्यंत नेते, पुढे रेताड चढण विवराच्या काठापर्यंत. प्रवेशाचं तिकीट ऑनलाइनच काढावं लागतं, फाटकावर मिळत नाही आणि तिथे नेटवर्कही भरवशाचं नाही, त्यामुळे ते आदल्या दिवशीच फोनवर उतरवून घ्या. ढग खाली आले असतील तर वर काहीच दिसत नाही; सकाळी नेपल्सच्या किनाऱ्यावरून शिखर पाहा, झाकलेलं असेल तर तो दिवस ओप्लोंतीला द्या.